पहिल्या क्रमांकाचं ओझं

हॉकी म्हटलं की आपल्याला हिरवळीवरची हॉकी आणि मेजर ध्यानचंद आठवतात. आज मी बोलणार आहे ते बर्फावरच्या हॉकीबद्दल. आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड आहे, तेच कॅनडात या खेळाचं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. या लीगमध्ये अपेक्षाभंगाचा विषय निघाला, की एक नाव हमखास घेतलं जातं, अलेक्सांद्र डेग.

त्याची गोष्ट कळण्यासाठी खेळाडूंची निवड कशी होते, ते आधी पाहू. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दरवर्षी साधारण अठरा वर्षांच्या मुलांमधून सगळे संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू घेतात. संघांमधली दरी कमी व्हावी म्हणून मागच्या मोसमात तळाला राहिलेल्यांची पाळी आधी. हेतू चांगलाच आहे. पण परिणाम बघा. सगळ्यांत गुणी मुलगा जाऊन पडतो तो सगळ्यांत दुबळ्या संघात. ज्याला अजून शिकवायला, सांभाळायला हवं, त्यानेच संघाला वर काढावं अशी अपेक्षा!

१९९३ साली नेमकं हेच झालं. ओटावा सेनेटर्स हा नवा संघ आपल्या पहिल्याच मोसमात ८४ पैकी फक्त १० सामने जिंकला होता. पहिली पाळी त्याची. त्याने निवडलं क्वेबेकच्या डेगला. किशोरांच्या स्पर्धेत डेगने ५३ सामन्यांत १३७ गुण मिळवले होते. या खेळात स्वतः केलेल्या गोलचा एक गुण आणि दुसऱ्याच्या गोलला केलेल्या मदतीचा एक गुण. ओटावाने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तो एक कोटी बावीस लाख डॉलरहून अधिक रकमेचा. तोवर लीगमध्ये एकही सामना न खेळलेला मुलगा! त्या दिवशी तो उत्साहात म्हणून गेला, की पहिला आलो ते बरं झालं, दुसरा कोण हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दुसरा होता ख्रिस प्राँगर. त्याचीही सुरुवात अडखळत झाली. पुढे संघ बदलल्यावर तर घरच्या प्रेक्षकांनीच त्याची हुर्यो उडवली. पण तो होता बचावपटू. बचावपटू उशिरा तयार होतो, हे सगळे धरूनच चालतात. त्याला वेळ मिळाला. २००० साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २००७ मध्ये त्याच्या संघाने स्टॅन्ली कप जिंकला आणि २०१५ मध्ये हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला मानाचं स्थान मिळालं.

डेगकडे मात्र लोक पहिल्या दिवसापासून गोल मागत होते. पहिल्या मोसमात त्याने २० गोल आणि ३१ मदती, असे ५१ गुण मिळवले. नवख्यासाठी ही कामगिरी वाईट नाही, पण त्या कराराच्या मानाने तोकडी. पुढे खेळ उंचावला नाही. १९९८ मध्ये ओटावाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. मग संघांमागून संघ झाले आणि २००० साली, पंचविशीतच, तो खेळापासून दूर गेला.

दोन मोसमांनंतर तो परतला. २००३-०४ च्या मोसमात तो मिनेसोटा वाइल्ड या संघाकडून खेळला आणि त्या संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते. किती? २० गोल, ३१ मदती, एकूण ५१. दहा वर्षांपूर्वीचेच आकडे, तंतोतंत! तेव्हा ते आकडे कमी पडले होते, आता त्याच आकड्यांनी त्याचं पुनरागमन यशस्वी ठरलं. मधल्या काळात बदललं होतं ते लोकांच्या हातातलं माप.

सगळा दोष लोकांचा, असं मला म्हणायचं नाही. डेगच्या खेळातही सातत्याची उणीव होतीच. पण चूक एकट्याची नव्हती, हे लीगनेही एका अर्थी ओळखलं. १९९५ मध्ये नवोदितांच्या मानधनावर मर्यादा आली. त्याच वर्षापासून पहिल्या पाळीसाठी सोडतही सुरू झाली, कारण पहिली पाळी मिळावी म्हणून ओटावा मुद्दाम हरला, असा संशय घेतला गेला होता. चौकशीत तो सिद्ध झाला नाही.

आणि हेरांची नजर तरी किती खरी? १९९८ च्या निवडीत पावेल दात्स्युकच्या आधी १७० मुलांची नावं पुकारली गेली. त्याने पुढे दोनदा स्टॅन्ली कप जिंकला. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे अपेक्षाभंगही नव्हता.

डेग या लीगमध्ये ६१६ सामने खेळला, ३२७ गुण मिळवले. बर्फावर सरावाला उतरणाऱ्या हजारो मुलांपैकी फार थोडी एवढी मजल मारतात. तो शेवटच्या फेरीत निवडला गेला असता, तर याच आकड्यांवर त्याची पाठ थोपटली गेली असती. अठराव्या वर्षी एखाद्या मुलावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवताना मोठ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं, की चिठ्ठी आपण लिहिलेली असते आणि ती वागवायची असते त्याला.