शस्त्रक्रिया शिबिर : आधीचा महिना, नंतरचे तीन महिने

आज आपण स्त्रियांसाठीच्या स्वयंसेवी शस्त्रक्रिया शिबिरांबद्दल बोलणार आहोत. शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, नर्सेस रजा काढून, फी न घेता दुर्गम भागात जातात. तीन-चार दिवस ऑपरेशनं करतात आणि परत येतात. नंतर बातमी येते, त्यात एक आकडा हमखास असतो : इतक्या शस्त्रक्रिया झाल्या. आमचं म्हणणं असं, की शिबिर कसं झालं हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं आधीच्या महिन्यावरून आणि नंतरच्या तीन महिन्यांवरून.

गरज किती आहे, ते आधी पाहू. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना किमान एक तरी स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के! पण त्यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. यातला निम्मा भाग होता जननमार्गाच्या संसर्गाचा. म्हणजे तिथे सुरी नको, गोळ्या हव्यात. शिबिराचं पहिलं काम इथेच ठरतं : कोणाला ऑपरेशन लागणार नाही, हे शोधणं.

'अंग बाहेर येणं' हा त्रास घ्या. जास्त बाळंतपणं, अडून राहिलेली कळ, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, जुना खोकला. या सगळ्यांनी गर्भाशयाला खालून आधार देणारे स्नायू आणि बंध सैल पडतात. बाई वर्षानुवर्षं सांगत नाही. चालताना घासतं, लघवी अडते, तरी ती शेतात जाते. त्रास सुरुवातीचा असेल तर स्नायूंचे व्यायाम पुरतात. काहींना आत बसवायची रिंग चालते. पूर्ण बाहेर आलं असेल तर मात्र ऑपरेशन. बहुतेक वेळा ते खालूनच करता येतं, पोटावर टाका पडत नाही, आणि कमरेत भूल देऊन भागतं.

हे ऑपरेशन शिबिरात होऊ शकतं. पण बाईचं हिमोग्लोबिन सात असेल तर? ते वाढवायला काही आठवडे लागतात, एका रात्रीत होत नाही. म्हणून तपासणी निदान महिनाभर आधी हवी. रक्तदाब, साखर, गर्भाशयमुखाची तपासणी त्याच वेळी. तारीखही सर्जनच्या सुट्टीप्रमाणे नको, बाईच्या हंगामाप्रमाणे हवी. भाताच्या रोवणीच्या तोंडावर ऑपरेशन केलं तर ती पंधराव्या दिवशी चिखलात वाकलेली असेल. आणि शिवलेला आधार पुन्हा सैल पडेल. निदान सहा आठवडे हंडा, मोळी उचलायची नाही, हे तिला सांगून काय उपयोग? ते नवऱ्याला, सासूला समोर बसवून सांगावं लागतं.

आकड्याच्या मागे लागलं की काय होतं, तेही बघू. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात, एका सरकारी नसबंदी शिबिरात एका सर्जननं काही तासांत 83 स्त्रियांची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर डझनभराहून जास्त स्त्रिया दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी सामूहिक नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ते शिबिर स्वयंसेवी नव्हतं, पण धडा सगळ्यांना लागू आहे.

दुसरा धडा आपल्या बीडचा. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल' एवढं ऐकून बाई घाबरते आणि हो म्हणते. तिशीत पिशवी काढली की पाळी कायमची थांबते, आणि बीजकोशही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. त्यामुळे फुकट ऑपरेशनसुद्धा विनाकारण केलं तर ते बाईला महागच पडतं.

मग चांगलं उदाहरण कुठलं? इथिओपियाचं. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर जोडपं 1959 साली तीन वर्षांच्या करारावर ऑस्ट्रेलियाहून अदिस अबाबाला गेलं. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून सतत लघवी गळणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या आणि ते तिथेच राहिले. 1974 मध्ये त्यांनी फक्त याच आजारासाठी हॉस्पिटल काढलं. रुग्ण म्हणून आलेल्या ममितू गाशे तिथेच शिकून हे ऑपरेशन करू लागल्या. पुढे सुईणी तयार करणारं कॉलेज निघालं, म्हणजे ते भोक पडूच नये!

प्रत्येक सर्जन आयुष्यभर तिकडे राहू शकत नाही, हे खरं. पण गाडी परत निघण्याआधी तीन गोष्टी तर होऊ शकतात. रात्री ताप आला, रक्त गेलं तर बाईनं कोणाकडे जायचं, ते नाव आणि नंबर तिच्या हातात. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी तपासणार कोण, हे ठरलेलं. आणि तालुक्याचे डॉक्टर, नर्स ऑपरेशनला सोबत उभे राहून शिकलेले.

तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी शिबिराला देणगी देणार असेल, तर 'किती ऑपरेशनं केलीत' हे जरूर विचारा. पण सोबत विचारा, 'किती जणींना नको म्हणून सांगितलंत, आणि तीन महिन्यांनी किती जणींना भेटलात?'

आता तुमचे प्रश्न घेऊ.