इंटरनेटचं कपाट येण्याआधी

भारतनेट योजना २०११ साली दुसऱ्या नावानं मंजूर झाली, २०१५ पासून तिचं हे नाव पडलं. तिची काचेची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, की खोलीत एक लोखंडी कपाट बसतं. त्याला रॅक म्हणतात. कुठे कुठे गटाच्या सेवा केंद्रातही असतं. बसवणारी माणसं घाईत येतात, भिंतीला ठोकून जातात. म्हणून खोलीची तयारी आपण आधीच करून ठेवायची.

आमच्या गटाचं काय झालं ते सांगते. कपाट बसलं आणि दाराला हात लागला की मुंग्या यायच्या. वायरमनला बोलावलं. त्यानं पाच मिनिटांत प्लगच्या बोर्डात काहीतरी केलं आणि मुंग्या थांबल्या. आम्ही खूश! दोन महिन्यांनी दुसऱ्या वायरमननं तो बोर्ड उघडला आणि कपाळावर हात मारला. आमच्या केंद्राला अर्थिंगच नव्हतं. पहिल्यानं अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रलची वायर जोडून दिली होती. वाऱ्यापावसात ती न्यूट्रल कुठे तुटली असती, तर २३० व्होल्ट थेट कपाटाच्या दारावर आले असते. रोज शाळेतली मुलं त्या दाराला टेकून उभी राहायची.

ही जोडणी फार ठिकाणी असते, बायांनो. आणि मीटर लावून तपासलं तर सगळं ठीक दिसतं, म्हणून ती सापडत नाही. वायरमनला आपल्यासमोर बोर्ड उघडायला लावा. अर्थिंगची हिरवी वायर जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत वेगळी गेलेली दिसली पाहिजे. नळाच्या पाइपाला गुंडाळलेली चालत नाही. खड्ड्याचं माप अर्थ टेस्टरनं घ्यायला सांगा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा उन्हाळ्यात त्यात पाणी घालत चला. कपाटासाठी स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्या. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला तर ती शाबूत आहे.

आता भिंत. आतली यंत्रं १९ इंच रुंदीच्या ठरलेल्या मापाची असतात, आणि सगळं भरलं की कपाट चांगलंच जड होतं. पक्क्या विटांच्या भिंतीत, गिलाव्याच्या आत विटेत शिरणारे अँकर बोल्ट हवेत. मातीची भिंत असेल तर लोखंडी अँगलचा स्टँड करून फरशीला पक्का करा. जड बॅटरी नेहमी खाली. समोर माणूस बसून काम करील एवढी, साधारण तीन फूट जागा मोकळी सोडा.

स्लॅब कुठे गळतो हे गावातल्या माणसांना माहीत असतं, बसवणाऱ्याला नसतं. तिथे ठोकू देऊ नका. खिडकीतून पावसाची झड येते ती भिंतही नको. तार आत येते ते भोक बुजवून घ्या, नाहीतर उंदीर घुसतात. मात्र कपाटाच्या जाळ्या बुजवू नका. धूळ बसू नये म्हणून आमच्या एका ताईंनी प्रेमानं भरतकामाचा रुमाल घातला होता, आतलं यंत्र तापून बंद पडायचं!

वरच्या भागावर उदबत्ती, दिवा ठेवू नका. पाणी घालावी लागणारी बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते. खोलीला झरोका हवाच.

शेवटची गोष्ट मुलांसाठी. काचेच्या तारेचं उघडं टोक डोळ्याजवळ धरून आत पाहायचं नाही. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. जोडणी झाल्यावर पडलेले काचेचे तुकडे केसासारखे बारीक असतात. ते झाडूनं लोटू नका, चिकटपट्टीनं उचला आणि झाकणाच्या डब्यात टाका.