उकिरड्यातून उडून जाणारे खत



जुळे सोलापुरात राहून विजापूर रस्त्याने मंद्रूपकडच्या शेतावर ये-जा करणारे आपले बरेच सभासद आहेत. त्यांच्या गोठ्यांवर गेलो की बांधालगत शेणाचा उघडा ढीग आम्हाला हमखास दिसतो. चार महिन्यांत तो निम्मा बसला, की ‘खत झालं’ म्हणायचं. पण बसलेला भाग गेला कुठे? शेण कुजताना त्यातला साधारण निम्मा कर्ब वायुरूपाने हवेत जातो. नाकाला झोंबतो तो अमोनिया, म्हणजे उसाच्या हक्काचा नत्र. तोच पुढे आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो.

ही गळती कमी करण्यास बायोचार, म्हणजे कमी हवेत केलेला काडीकचऱ्याचा कोळसा, मदत करतो. त्याच्या बारीक छिद्रांत ओल व अमोनिया धरून राहतो आणि ढिगात हवा खेळते. त्याचा स्वतःचा कर्बही लवकर कुजत नाही, जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटाचा कोळसा केला. त्याबद्दल २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. आमचा सल्ला असा, की पाचट सरीतच कुजवावे. खतातल्या कोळशासाठी तुराट्या-पऱ्हाट्या घ्याव्यात.

वारा नसताना, ऊस व गोठ्यापासून दूर, वर रुंद व खाली निमुळता खड्डा घ्यावा. काड्या थराथराने पेटवाव्यात. वरचा थर पांढरा पडू लागताच पुढचा टाकावा. शेवटी भरपूर पाणी मारून विझवावे. उशीर झाला तर हाती राखच उरते. कोळसा हरभऱ्याएवढा कुटून गोमूत्रात भिजवावा आणि १०० किलो ओल्या शेणामागे १ ते २ किलो मिसळावा. ढीग सावलीत, झाकलेला ठेवावा. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. पंधरवड्याने ढीग उलथावा.

कोळसा म्हणजे जादू नव्हे. शेणातला कर्ब थोडाफार जाणारच. नत्राची बचत हा मोठा फायदा. बॉयलरची राख कोळशाऐवजी चालणार नाही. विकतचा कोळसाही परवडणार नाही. आपली जमीन आधीच विम्ल, तेव्हा प्रमाण वाढवू नये.

यंदा दोन ढीग शेजारी शेजारी करा, एक कोळशाचा, एक बिनकोळशाचा. दोन्हींचे नमुने गट कार्यालयात आणा. तपासणीत नत्राचा फरक दिसला, तरच पुढच्या वर्षी सगळा उकिरडा तसा भरा.

— ऊस विकास अधिकारी