डोल जाळ्याला विशेषण कोणतं?

अलिबागच्या एका विद्यार्थिनीने डोल जाळ्यावरचा इंग्रजी प्रकल्प तपासायला दिला. वडील डोल लावणारे, त्यामुळे माहिती पक्की. इंग्रजी मात्र सजवलेलं. पहिल्याच पानावर ‘इफेक्टिव्ह’, ‘इफिशियंट’, ‘एफिकेशस’ आलटून पालटून, का तर तोच शब्द पुन्हा नको! शाळेत लावलेली खोड. तिन्हींचं लॅटिन मूळ एकच, म्हणून कोश चाळण्यापेक्षा आम्ही जाळ्याकडेच वळलो.

डोल म्हणजे निमुळत्या पिशवीसारखं जाळं. ते ओढत नाहीत. खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाकडे तोंड करून लावतात. भरती-ओहोटीचं पाणी मासळी आत लोटतं, पाणी थंडावलं की जाळं उचलायचं. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी. बोंबील, जवळा, करंदी यांसाठी डोल लावतात आणि ते मिळतंही. इथे ‘इफेक्टिव्ह’ चालतो : हवं ते साधलं, किती खर्चात हे तो विचारत नाही.

‘इफिशियंट’ला हिशेब लागतो, आणि कशाचा तेही सांगावं लागतं. डिझेलच्या हिशेबात डोल ट्रॉलरपेक्षा सरस, कारण ओढण्याचं काम पाणी करतं. पण जाळ्याच्या शेवटच्या टोकाला आस, म्हणजे विणीतली भोकं, फार बारीक. किनाऱ्यावर पाहिलेल्या टोपल्यांत जवळ्यासोबत बोटभर बोंबीलही होते. महाराष्ट्रात बोंबलाची किमान लांबी 180 मिलिमीटर ठरली आहे. उद्याच्या मासळीचा हिशेब धरला, तर विद्यार्थिनीचं ‘हायली इफिशियंट’ टिकत नाही. आम्ही ‘इंधनाच्या बाबतीत’ असं जोडलं.

‘एफिकेशस’ औषधाला शोभतो. कोविड लशीचा गाजलेला 95 टक्के आकडा चाचणीतल्या ‘एफिकसी’चा होता, प्रत्यक्ष लोकांत लस किती उपयोगी पडली, ती ‘इफेक्टिव्हनेस’. जाळ्यापुढचा शब्द खोडला. ‘इफेक्च्युअल’ तिने वापरलाच नव्हता, बरंच झालं. तो हल्ली आधी ‘इन’ लावूनच भेटतो, बहुधा एखाद्या दुबळ्या साहेबाबद्दल.

अडलं शेवटच्या पानावर. मासळीच्या लांबीचा नियम ‘इफेक्टिव्ह’ आहे, असं वाक्य. म्हणजे अमलात आला आहे, की उपयोगी पडतो आहे? इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात.

“अमलात आहे, सर. उपयोगाचं बंदरावर विचारा.”

‘इन फोर्स’ लिहिलं.