आधी कोणाचा पत्ता?

झब्बू असो की रमी, पत्ते बावन्न आणि नियम साऱ्यांना तोंडपाठ. पण प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असेल तर? रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली असा खेळ काढला: 'मॅजिक: द गॅदरिंग'. दोन जादूगारांची झुंज, आणि पत्ते म्हणजे मंत्र नि प्राणी. आरंभी सुमारे ३०० असलेले निरनिराळे पत्ते आज २५,००० च्या वर गेले आहेत. नुसत्या जोड्याच ३१ कोटींहून अधिक! प्रत्येक जोडीचा निकाल आधी कोण लिहून ठेवणार? आणि तो नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच डाव.

एक उदाहरण घेऊ. तुमचे अस्वल आहे, ताकद २, तग २. मी विजेचा पत्ता टाकतो: ३ चा घाव. तुम्ही लगेच उत्तर देता, वाढीचा पत्ता: ताकद नि तग दोन्ही ३ ने वाढतात. आता हे उलगडायचे कसे? १९९९ पासूनचा नियम ताटांच्या चवडीसारखा आहे. शेवटी ठेवलेले ताट आधी निघते. म्हणून वाढ आधी, तग ५, मग घाव ३, अस्वल जगते. उलट तुम्ही वाढ आधी टाकलीत आणि मी उत्तरादाखल वीज सोडली, तर वाढ पोचण्यापूर्वीच अस्वल खलास. पत्ते तेच, क्रम फिरला. बरे, पाळी संपली की वाढ ओसरते. मग जखमेने ते मरत नाही का? नाही. जखम आणि वाढ एकाच क्षणी पुसली जातात, असे नियमच सांगतो. इतका बारीक विचार मला तरी फार आवडतो.

बाकी दोन सूत्रे सोपी. सर्वसाधारण नियम आणि पत्ता यांचा विरोध आला तर पत्ता खरा. 'करता येते' आणि 'येत नाही' यांची गाठ पडली तर 'नाही' वरचढ. अनेक पत्त्यांचे परिणाम एकाच प्राण्यावर टिकून राहिले, तर ते ७ पायऱ्यांनी लावायचे. ताकद-तग शेवटच्या पायरीला. शिक्षकांना 'कंचेभागुबेव' आठवेल!

आणि जुन्या पत्त्यावरची भाषा संदिग्ध असली तर? पोथीचे पाठभेद बाजूला सारून प्रमाण प्रत मानावी, तसा प्रकाशकांनी ठरवलेला अद्ययावत मजकूर धरतात. मग हातातल्या १९९३ च्या पत्त्यावर काहीही छापलेले असो.