आर्ब्वाच्या मळ्यातील काचघरे

द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवले की पांढुरकी भुकटी निघते. ‘हेच यीस्ट’ असे वर्गात पुष्कळदा सांगितले जाते. मीही तसेच शिकलो. खरे तर ते मेण असते. यीस्टच्या पेशी त्यावर चिकटलेल्या असल्या, तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मग द्राक्षाचा रस आंबतो तो बाहेरून आलेल्या यीस्टमुळे, की रसातच तशी काही शक्ती असते?

या प्रश्नाचे उत्तर एका छोट्या मळ्यात शोधले गेले. पूर्व फ्रान्समधील आर्ब्वा हे लुई पाश्चर यांचे बालपणीचे गाव. वाइन का नासते याचा अभ्यास त्यांनी १८६०च्या दशकात तेथे केला आणि ती ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून टिकवण्याचा उपाय सुचवला. १८७४ मध्ये त्यांनी गावाजवळ एक लहानसा द्राक्षमळाही घेतला.

१८७८ च्या फेब्रुवारीत त्यांचे स्नेही, शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार वारले. त्यांची अपुरी टिपणे रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो यांनी जुलैत प्रसिद्ध केली. यीस्टशिवायही अल्कोहोल तयार होते, असे त्यांत लिहिले होते! दिवंगत मित्राशी वाद घालायचा कसा?

पाश्चर यांनी घाईघाईने काचघरे बनवून घेतली आणि मळ्यातील काही वेलींवर उभी केली. द्राक्षे तेव्हा हिरवीच होती. मणी पिकू लागण्यापूर्वी त्यांच्यावर यीस्ट नसते, हे त्यांनी आधी पाहिले होते. आतील काही घडांना निर्जंतुक कापूस गुंडाळला. ऑक्टोबरात हे घड कुस्करले, तर रस आंबला नाही. उघड्या वेलींवरच्या द्राक्षांचा मात्र आंबला.

‘काचेखालच्या द्राक्षांतच काही उणे असेल,’ असे कोणी म्हणाले तर काय कराल, हे मुलांना जरूर विचारावे. त्या न आंबलेल्या रसात चिमूटभर यीस्ट घालून पाहावे, असे कोणीतरी सुचवेलच.

बेर्नार अगदीच चुकले होते का? १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून, गाळून काढलेल्या अर्कानेही साखर आंबवून दाखवली. जिवंत पेशी नसली तरी चालते, विकरे हवीत. पण ती विकरे आली यीस्टमधूनच, द्राक्षातून नव्हे.

हे यीस्ट हिवाळ्यात कोठे राहते? इटलीतील संशोधकांना ते २०१२ मध्ये गांधीलमाश्यांच्या आतड्यात सापडले; राणीमाशीकडून ते पुढच्या पिढीच्या अळ्यांकडे जाते. पाश्चर यांच्या काचांनी धुळीबरोबर या माश्याही अडवल्या असणार.