चावीचं घड्याळ, सेलचं घड्याळ

एचएमटी 'जनता' घड्याळाची बारीक चावी चिमटीत धरून फिरवली की आत पोलादाची पातळ स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला सुटायची घाई असते. ती एकदम सुटू नये, थोडी थोडी सुटावी, यातच चावीच्या घड्याळाचं सगळं कसब. दातेरी चाकांच्या ओळीच्या टोकाला बॅलन्स व्हील नावाचं इवलंसं चाक मागेपुढे डोलतं आणि सेकंदाला पाच वेळा 'टिक' करत स्प्रिंगचा जोर बेताबेतानं सोडतं. ते नीट डोलावं म्हणून आत कृत्रिम माणकं बसवायची, तेलाचा थेंब मोजून सोडायचा, कारागिरांनी डोळ्याला भिंग लावून बसायचं. इतकं करून रोजचा काही सेकंदांचा फरक राहतोच.

सेलच्या घड्याळात डोलण्याचं काम क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या स्फटिकाचा, तुकडा करतो. त्याला वीज दिली की तो थरथरतो, सहसा सेकंदाला ३२,७६८ वेळा. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा निम्मं करा, बरोबर एक उरतो. ही निम्मानिम्मी एक चिप करते आणि दर सेकंदाला चिमुकल्या मोटरीला एक झटका देते. काटा एक घर पुढे उडतो. साध्या घड्याळातही महिन्याला पंधराएक सेकंदांपलीकडे चूक होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोटांत मुरवलेली अचूकता अशी एका स्वस्त तुकड्यात आली.

स्वस्त व्हायला मात्र वेळ लागला. जपानच्या सेइकोनं २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्यात मोटारगाडी येई. स्वित्झर्लंडला याची खबर नव्हती असं म्हणतात, ते खरं नाही. न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळाचा नमुना १९६७ मध्येच तयार झाला होता. अडचण वेगळीच होती. तिथला धंदा शेकडो छोट्या कारखान्यांत वाटलेला: कुणी स्प्रिंगा करी, कुणी काटे, कुणी नुसती जुळणी. नवं घड्याळ काढायचं म्हणजे यांतल्या बहुतेकांना घरी पाठवायचं. शिवाय चावीच्या घड्याळांना गिऱ्हाईक भरपूर. चालतं दुकान स्वतःच्या हातानं कोण बंद करील? त्या वर्षीचा हिशेब पाहिला तर थांबणंच शहाणपणाचं दिसे, आणि पुढच्या वर्षीही तसंच. १९७० मध्ये त्या धंद्यात सुमारे ९० हजार माणसं होती; ८०च्या दशकाच्या मध्याला तीस हजारांच्या थोडी वर उरली. सगळं खापर क्वार्ट्झवर फोडू नये, स्विस फ्रँकही तेव्हा महागला होता.

मग १९८३ मध्ये स्वित्झर्लंडमधूनच 'स्वॉच' हे क्वार्ट्झचं घड्याळ आलं. प्लॅस्टिकचं, फक्त ५१ भागांचं, यंत्रानं जोडलेलं. बिघडलं तर उघडून दुरुस्त करता येत नाही असं. जुन्या घड्याळजीला ही थट्टाच वाटली असणार. पण वेळ आता सगळ्यांचीच बरोबर असल्यामुळे विकायला रंग आणि ऐट उरली होती, आणि स्वॉचनं नेमकं तेच विकलं.

आपल्याकडे हीच गोष्ट थोड्या उशिरा घडली. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. आयातीवर बंधनं, त्यामुळे स्पर्धा म्हणजे चोरट्या वाटेनं येणारा माल. एचएमटीच्या 'कांचन' घड्याळासाठी लोक ताटकळत, लग्नात जावयाला तेच हवं असे. क्वार्ट्झ घड्याळं एचएमटीनंही ८०च्या दशकाच्या सुरुवातीला काढली होती, हे आपण विसरतो. पण भर राहिला चावीवरच. यंत्रं तीच, कामगार त्यातच तयार झालेले. आणि माल हातोहात खपत असताना दुकान सजवायची सवय तरी कशी लागावी?

टायटनकडे सांभाळायला जुनं काहीच नव्हतं. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी १९८४ मध्ये ही कंपनी उभारली, कारखाना होसूरला, सूत्रं झर्क्सिस देसाईंकडे. त्यांनी क्वार्ट्झवर भर दिला, घड्याळ काचेच्या झगमगत्या शोरूममध्ये मांडलं आणि जाहिरातीला मोझार्टची धून लावली. घरात एक घड्याळ असताना दुसरं घ्यावंसं वाटू लागलं. एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला; आता तीच जुनी 'जनता' आणि 'पायलट' हौशी लोक शोधत फिरतात.

टायटनला सगळं आधीच कळत होतं, असंही नाही. ९०च्या दशकात त्यांनी 'तनिष्क' काढलं, तेही १८ कॅरेटच्या दागिन्यांचं. आपल्याकडच्या बायकांनी ते नाकारलं. अडीअडचणीला मोडता येईल ते २२ कॅरेटचं, तेच सोनं! कंपनी २२ कॅरेटवर आली, दुकानात कॅरेटमीटर नावाचं यंत्र ठेवलं आणि बाहेरून घेतलेला दागिनाही गिऱ्हाइकासमोर तपासून दाखवू लागली. घड्याळासाठी निघालेल्या या कंपनीची बहुतेक उलाढाल आज दागिन्यांतून होते.